अवघड निर्णयाचं शिखर परिषदेत काय होतं?

१४ डिसेंबर २०२३. ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाच्या २७ देशांचे प्रमुख एका टेबलाभोवती बसले होते. युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायच्या का, हा प्रश्न होता. अशा निर्णयाला सगळ्यांचा होकार लागतो आणि हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा ठाम विरोध होता. बराच वेळ घासाघीस झाल्यावर जर्मनीचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी ओर्बान यांना सुचवलं, की तुम्ही जरा बाहेर जाऊन कॉफी घेऊन या. ओर्बान उठून गेले. उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेऊन टाकला. हजर नसलेला माणूस विरोध नोंदवत नाही, आणि विरोध नोंदवला गेला नाही म्हणजे एकमत झालं! ओर्बान यांनी लगेच जाहीर केलं की हा निर्णय चुकीचा आहे आणि हंगेरीला त्यात सहभागी व्हायचं नाही. युक्रेनला ५० अब्ज युरोंची मदत देण्याचा प्रस्ताव मात्र त्यांनी त्याच रात्री अडवला. तो मंजूर व्हायला १ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला.

त्या खोलीत प्रत्येकाने काहीतरी टाळलं. ओर्बान यांनी मत द्यायचं टाळलं, म्हणून घरी जाऊन 'मी होकार दिलेला नाही' असं सांगायला ते मोकळे झाले. बाकीच्यांनी त्याहून मोठा प्रश्न टाळला: एका देशाच्या नकारापायी सगळा संघ अडून राहावा का? तो प्रश्न काढायचा तर प्रत्येकाला स्वतःच्या नकाराधिकारावर पाणी सोडायची तयारी दाखवावी लागली असती, आणि तेवढी तयारी फार थोड्यांची होती. पुढच्या टप्प्यावर हंगेरीने पुन्हा अडवणूक केली, तेव्हा तोच प्रश्न जसाच्या तसा समोर उभा होता.

शिखर परिषदांबद्दल लोकांची तक्रार ठरलेली असते. नेते येतात, जेवतात, फोटो काढतात, एक गुळमुळीत निवेदन काढून निघून जातात. तक्रार खोटी नाही. पण 'नेते भित्रे असतात' एवढ्यावर थांबलं तर फारसं काही हाती लागत नाही, कारण हेच नेते आपापल्या देशात कर वाढवतात, सैन्य पाठवतात, विरोधकांना अंगावर घेतात. परिषदेच्या खोलीत त्यांचं धाडस अचानक का आटतं? मला वाटतं, त्या खोलीची रचनाच अशी आहे की तिथे टाळणं सगळ्यांत स्वस्त पडतं.

नेते येण्याआधीच

१९७५ साली फ्रान्समधल्या रांबुये इथे सहा श्रीमंत देशांचे प्रमुख भेटले. पुढे जी-७ म्हणून ओळखल्या गेलेल्या गटाची ही पहिली बैठक. फ्रान्सचे अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांची कल्पना साधी होती: अधिकाऱ्यांचा लवाजमा बाजूला ठेवून नेत्यांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावं. तसं फार काळ टिकलं नाही. आज नेता विमानतळावर उतरतो तेव्हा जाहीरनाम्याचा बहुतेक मजकूर ठरलेला असतो. तो ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना 'शेर्पा' म्हणतात, कारण शिखरावर फोटो नेत्याचा निघतो आणि ओझं यांनी वाहिलेलं असतं.

शेर्पांच्या मसुद्यात ज्या शब्दांवर मतभेद असतील ते चौकोनी कंसात टाकतात. कंस काढायचे दोनच मार्ग आहेत. एक, वाद खरोखर मिटवायचा. दोन, वाक्य असं फिरवायचं की दोन्ही बाजूंना आपापला अर्थ लावता येईल. परिषद संपायला काही तास उरले आणि सगळे रात्रभर जागे असले की दुसरा मार्ग फार मोहक दिसू लागतो. शिवाय जाहीरनामा निघालाच नाही तर यजमान देशाची नाचक्की होते, म्हणून यजमानालाही मजकुरात काय आहे यापेक्षा मजकूर आहे याची काळजी जास्त असते.

नवी दिल्लीतली २०२३ ची जी-२० परिषद हे याचं आपल्या ओळखीचं उदाहरण. आदल्या वर्षी बालीच्या निवेदनात 'बहुतेक सदस्यांनी युक्रेनमधल्या युद्धाचा तीव्र निषेध केला' असं वाक्य होतं. वर्षभरात रशिया आणि चीन तेवढ्यालाही तयार होईनात. एकमत होणार नाही अशी चर्चा असतानाच ८३ परिच्छेदांचा जाहीरनामा एकाही असहमतीशिवाय मंजूर झाला. भारताचे शेर्पा अमिताभ कांत यांनी सांगितलं की त्यासाठी २०० तासांहून अधिक वाटाघाटी, ३०० द्विपक्षीय बैठका आणि १५ मसुदे लागले. युद्धाबद्दलच्या भागात आक्रमक म्हणून रशियाचं नाव नव्हतं. कोणत्याही देशाने दुसऱ्याचा प्रदेश बळकावण्यासाठी बळ वापरू नये, असं सर्वांना उद्देशून म्हटलं होतं. पाश्चात्त्य देश म्हणाले यात रशिया आलाच. रशिया म्हणाला आमचा निषेध झालेला नाही. युक्रेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने मात्र यात अभिमान वाटण्यासारखं काही नसल्याचं कळवलं. 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात ते हेच. राजनैतिक कौशल्य म्हणून ते उत्तम होतं, आणि जी-२० हा गट त्यामुळे तुटायचा वाचला. युद्धाबद्दल मात्र काहीही ठरलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आपल्याकडे त्यातली पहिलीच जास्त सांगितली गेली.

एकाचा नकार, सगळ्यांची सोय

देशादेशांमध्ये सक्ती करणारं सरकार नसतं. म्हणून बहुतेक ठिकाणी निर्णय सर्वसंमतीने होतात. यामागे तर्क आहे: ज्या देशाने होकारच दिला नाही तो करार पाळणार कशाला? पण याच नियमामुळे सगळ्यांत नाखूश देश वेग ठरवतो.

हवामान परिषदांची गंमत अशी, की तिथे मतदानाचा नियम आजवर मंजूरच झालेला नाही. १९९५ साली बर्लिनला पहिली परिषद भरली तेव्हा कामकाजाच्या नियमावलीतल्या मतदानाच्या कलमावर वाद झाला. तेल उत्पादक देशांना मतदान नको होतं. ते कलम बाजूला ठेवून बाकीची नियमावली 'तात्पुरती' लागू केली. ते तात्पुरतेपण अजून संपलेलं नाही. निर्णय कसे घ्यायचे हा निर्णयच पहिल्या दिवशी पुढे ढकलला गेला, आणि त्यानंतरची प्रत्येक परिषद त्याचं व्याज भरते आहे.

मग अध्यक्षांच्या हातात उरतो तो लाकडी हातोडा. २०१० साली मेक्सिकोतल्या कानकुनमध्ये बोलिव्हियाचा विरोध असताना पॅत्रिसिया एस्पिनोसा यांनी हातोडा आपटून करार मंजूर केला. सर्वसंमती म्हणजे एका देशाला नकाराधिकार नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन वर्षांनी दोह्यात हीच युक्ती रशियाविरुद्ध वापरली गेली. रशिया गप्प बसला नाही. २०१३ च्या जूनमध्ये बॉनला तयारीची बैठक होती, तिथे रशिया, युक्रेन आणि बेलारूस यांनी एका समितीची विषयपत्रिकाच मंजूर होऊ दिली नाही, आणि त्या समितीचे दोन आठवडे वाया गेले. छोट्या देशाचा विरोध ऐकू येत नाही, मोठ्याचा येतो, हेही यातून दिसतं.

जिनिव्हातल्या निःशस्त्रीकरण परिषदेची अवस्था याहून वाईट. ६५ सदस्य, सर्वसंमतीचा नियम. १९९६ मध्ये अणुचाचणीबंदी कराराच्या वाटाघाटी तिथे झाल्या, पण भारताच्या विरोधामुळे मसुदा तिथून पुढे सरकेना. शेवटी तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेऊन १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर करून घेतला. त्यानंतर या परिषदेतून एकही करार बाहेर आलेला नाही. सभा भरतात, भाषणं होतात, चर्चेचं गुऱ्हाळ चालू असतं. आणि आमसभेत एवढं प्रचंड बहुमत मिळालेला तो करारही अजून अमलात नाही, कारण ज्यांच्या मान्यतेशिवाय तो लागू होत नाही असे काही देश बाहेरच आहेत. तेव्हा मतदान आलं की सगळं सुटेल असंही नाही.

सार्कने तर ही अडचण सनदेतच लिहून ठेवली. निर्णय एकमताने होतील आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेला घेतले जाणार नाहीत, असं कलम तिथे आहे. दक्षिण आशियातले वादग्रस्त विषय वगळल्यावर काय उरतं हे वेगळं सांगायला नको. २०१४ च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद भरलेलीच नाही.

सर्वसंमतीचा आणखी एक उपयोग आहे, ज्याबद्दल कमी बोललं जातं. अडवणारा एक देश उघडपणे विरोध करतो तेव्हा मनातून तेच हवं असलेले दहा देश शांत बसून राहतात. सगळा दोष एकावर जातो, बाकीच्यांची प्रतिमा शाबूत राहते.

मतदार खोलीत नसतो, पण खोलीत तोच बसलेला असतो

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी १९८८ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे फार कामाची आहे. नेता एकाच वेळी दोन पटांवर खेळत असतो: एक पट समोरच्या देशांबरोबर, दुसरा स्वतःच्या संसदेबरोबर, पक्षाबरोबर, मतदारांबरोबर. पहिल्या पटावरची हुशार खेळी दुसऱ्या पटावर आत्मघात ठरू शकते.

क्योटो करार घ्या. हवामानबदल रोखण्यासाठी श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी करायचं, हे १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये ठरलं. पण त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता, की विकसनशील देशांवर बंधन नसलेला किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर इजा करणारा करार आम्हाला मान्य होणार नाही. क्लिंटन सरकारने १९९८ मध्ये करारावर सही केली आणि तो सिनेटकडे मंजुरीसाठी पाठवलाच नाही. सही जगासाठी होती, न पाठवणं घरासाठी. २००१ मध्ये बुश यांनी तो करार सरळ झिडकारला.

अवघड निर्णयाचा खर्च आज, इथे, ओळखीच्या लोकांवर पडतो: खाणकामगार, शेतकरी, इंधन महागल्याने चिडलेला मतदार. फायदा वीस वर्षांनी, कुठेतरी, अजून मतदानाचं वय न झालेल्यांना होतो. लक्झेंबर्गचे पंतप्रधान असताना जाँ-क्लोद युंकर एकदा म्हणाले होते, की काय करायला हवं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, ते केल्यावर पुन्हा निवडून कसं यायचं तेवढं माहीत नाही. इतकी प्रामाणिक कबुली राजकारणी सहसा देत नाहीत.

आणि हे फक्त लोकशाही देशांचं दुखणं नाही. ज्यांना निवडणुकीची भीती नाही त्यांनाही सैन्य, उद्योगसमूह, पक्षातले गट सांभाळावे लागतात. तिथे फरक एवढाच, की दबाव बाहेरून दिसत नाही.

२००९ ची कोपनहेगनची हवामान परिषद या सगळ्यावर आपटून फुटली. शंभराहून अधिक राष्ट्रप्रमुख शेवटच्या दोन-तीन दिवसांत येऊन दाखल झाले. मोठ्या निर्णयासाठी मोठी माणसं हवीत, असा हिशेब होता. पण मसुदा अर्धवट, कंसांनी भरलेला, आणि नेत्यांना तो स्वतः बसून लिहायची वेळ आली. ओबामा चीन, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेच्या नेत्यांच्या बैठकीत शिरले आणि तिथे एक मजकूर ठरला. तो पूर्ण सभेपुढे आला तेव्हा बोलिव्हिया, व्हेनेझुएला, सुदान, तुवालू अशा देशांनी तो नाकारला. शेवटी सभेने त्याची फक्त 'नोंद घेतली'. मंजूर केला नाही, फेटाळलाही नाही. पॅरिसला २०१५ मध्ये फ्रान्सने क्रम उलटा केला: नेत्यांना पहिल्याच दिवशी बोलावलं, भाषणं करवून घेतली, घरी पाठवलं आणि बाकीचे दिवस वाटाघाटी करणाऱ्यांना मोकळे दिले.

टाळण्याची कारागिरी

टाळायचं म्हणजे 'आम्ही टाळत आहोत' असं कुणी म्हणत नाही. त्याच्या पद्धती आहेत आणि त्या एकदा ओळखता आल्या की निवेदनं वाचणं बरंच मनोरंजक होतं.

सगळ्यांत सोपी पद्धत मोघम मुदतीची. २००९ मध्ये पिट्सबर्गला जी-२० देशांनी ठरवलं, की उधळपट्टीला उत्तेजन देणारी 'अकार्यक्षम' जीवाश्म इंधन अनुदानं 'मध्यम कालावधीत' बंद करायची. अकार्यक्षम अनुदान कोणतं, याची सर्वमान्य व्याख्या केली नाही. मध्यम कालावधी म्हणजे किती वर्षं, तेही लिहिलं नाही. त्यामुळे कोणताही देश 'आमची अनुदानं कार्यक्षम आहेत' असं म्हणू शकतो, आणि काहींनी म्हटलंही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबानुसार २०२२ मध्ये जगभरात अशी थेट अनुदानं सुमारे १.३ लाख कोटी डॉलरपर्यंत गेली होती. युक्रेन युद्धाने भाव भडकल्यामुळे तो आकडा फुगला, हे खरं. पण तेरा वर्षांपूर्वीच्या वचनाला एखादी तारीख असती तर निदान कुणी जाब तरी विचारला असता.

दुसरी पद्धत क्रियापद पातळ करण्याची. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये कोळशाचा वापर 'संपवण्याचा' उल्लेख अगदी शेवटच्या क्षणी 'कमी करण्यावर' आला. भारताचे मंत्री भूपेंद्र यादव यांनी सुधारित वाक्य वाचलं, चीनचाही आग्रह होता, आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा माफी मागताना गहिवरले. सगळा रोख भारतावर आला. मला तो थोडा अन्यायाचा वाटतो. ज्या श्रीमंत देशांची भिस्त तेल आणि वायूवर होती त्यांना त्या वाक्यात कोळसा एकटाच असणं चांगलंच सोयीचं होतं. सगळ्या जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा परिषदेच्या निर्णयात यायला दुबईची २०२३ ची परिषद उजाडली.

तिसरी पद्धत सगळ्यांत टिकाऊ: निर्णयाऐवजी संस्था द्यायची. समुद्राची पातळी वाढल्याने बुडू पाहणाऱ्या बेटांना भरपाई कोण देणार, हा प्रश्न व्हानुआतूने छोट्या बेटांच्या वतीने १९९१ मध्ये मांडला. श्रीमंत देशांच्या निधीतून चालणारी विमायोजना असावी, असा प्रस्ताव होता. १९९२ च्या मूळ हवामान करारात 'विमा' हा शब्द तेवढा उतरला. २०१३ मध्ये वॉर्सात या नुकसानीसाठी एक 'यंत्रणा' मिळाली. पैसे नव्हते. २०१५ मध्ये पॅरिस करारात स्वतंत्र कलम मिळालं, आणि सोबतच्या निर्णयात लिहिलं गेलं की या कलमामुळे कुणावरही उत्तरदायित्व किंवा भरपाईची जबाबदारी येणार नाही. २०२१ मध्ये ग्लासगोत विकसनशील देशांनी एकमुखाने निधी मागितला. त्यांना 'संवाद' मिळाला, तोही जून २०२४ पर्यंत चालणारा. निधी स्थापन करायचा निर्णय २०२२ मध्ये शर्म अल-शेखला झाला, आणि दुबईत जाहीर झालेली सुरुवातीची रक्कम होती सुमारे ७० कोटी डॉलर. गरज शेकडो अब्जांची सांगितली जाते. तीन दशकं यंत्रणा, कलम, संवाद अशा पायऱ्यांवरून फिरवून शेवटी तोंडाला पानं पुसली, असं त्या बेटांवरच्या कुणाला वाटलं तर चूक म्हणता येणार नाही.

जागतिक व्यापार संघटनेत याचीच चौथी जात आहे: तात्पुरती सोय, जी कायमची होते. सरकारने हमीभावाने धान्य विकत घेऊन साठवण्यावर मर्यादा असावी का, या भारताच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावर २०१३ मध्ये बालीत ठरलं, की तूर्त कुणी तक्रार करायची नाही आणि २०१७ पर्यंत कायमचा तोडगा काढायचा. २०१७ मध्ये ब्वेनोस आइरेसला तोडगा निघाला नाही. २०२४ मध्ये अबू धाबीतही नाही. घोंगडं भिजत पडलं आहे.

खोलीबाहेर निर्णय होतोच

६ ते १५ जुलै १९३८. फ्रान्समधल्या एव्हियाँ या गावी ३२ देशांचे प्रतिनिधी जमले. मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला होता आणि लाखो यहुदी बाहेर पडायला धडपडत होते. परिषद अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बोलावली, पण आमंत्रणातच खात्री दिलेली होती: सध्याच्या कायद्याने जेवढे लोक घेता त्याहून अधिक घ्या असं कुणाला सांगितलं जाणार नाही. पॅलेस्टाइनचा विषय निघू नये, ही ब्रिटनची अट होती. म्हणजे उत्तर द्यायची गरज पडणार नाही असाच प्रश्न आधी आखून घेतला.

मग एकेक प्रतिनिधी उठला. सहानुभूती प्रत्येकाने व्यक्त केली. आमच्याकडे बेकारी आहे, आमच्याकडे आधीच पुष्कळ निर्वासित आहेत, आमचा देश शेतकऱ्यांनाच घेऊ शकतो. ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी म्हणाला की आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करायची आमची इच्छा नाही. अमेरिकेने जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून वर्षाला २७,३७० हा आपला कोटा पूर्ण वापरायची तयारी दाखवली; तो वाढवायची नाही. मोठ्या संख्येने लोक घेण्याची तयारी दाखवली ती एकट्या डॉमिनिकन रिपब्लिकने, आणि प्रत्यक्षात तिथे काहीशे लोकच पोहोचले. परिषदेची फलश्रुती म्हणजे निर्वासितांसाठी एक आंतरसरकारी समिती. चार महिन्यांनी, नोव्हेंबरात, जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांची प्रार्थनास्थळं, पेटले.

३२ देशांपैकी कुणीही त्या लोकांना मरू द्यायचं ठरवलं नव्हतं. त्यांनी फक्त दारं उघडायचा निर्णय घेतला नाही, आणि मग पुढचा निर्णय बर्लिनमध्ये झाला.

हीच गोष्ट कमी भीषण स्वरूपात वारंवार दिसते. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या नाटो परिषदेत बुश यांना युक्रेन आणि जॉर्जिया यांना सदस्यत्वाच्या वाटेवर घ्यायचं होतं, जर्मनी आणि फ्रान्सचा विरोध होता. तडजोड म्हणून जाहीरनाम्यात लिहिलं गेलं की हे देश नाटोचे सदस्य होतील. कधी आणि कसे, त्याचा पत्ता नाही. रशियाला चिथावायला एवढं पुरेसं होतं आणि त्या दोन देशांना संरक्षण द्यायला अगदीच अपुरं. ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध झालं. या युद्धाची कारणं अनेक आहेत आणि सगळा दोष एका वाक्यावर टाकणं भाबडेपणाचं होईल. पण 'हो' आणि 'नाही' या दोन्हींचे तोटे एकत्र करणारं उत्तर शोधायचं म्हटलं तर याहून नेमकं सापडणं कठीण.

युरोच्या संकटात निर्णय वेगळ्या दिशेला सरकला. २०१० पासून युरोपीय नेत्यांच्या बैठकांमागून बैठका होत राहिल्या, प्रत्येकीनंतर संकट आटोक्यात आल्याचं सांगितलं गेलं, आणि जुलै २०१२ मध्ये स्पेनला कर्जासाठी सात टक्क्यांहून जास्त व्याज मोजावं लागत होतं. एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घ्यायची का, हे आपल्या मतदारांना सांगायची नेत्यांची तयारी नव्हती. २६ जुलैला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे प्रमुख मारिओ द्रागी लंडनमध्ये म्हणाले, की युरो वाचवण्यासाठी लागेल ते करू. व्याजदर उतरू लागले. त्यासाठी नंतर जाहीर केलेली रोखेखरेदीची योजना कधी वापरावीही लागली नाही. गोष्ट चांगली संपली, पण निवडून आलेल्यांनी टाळलेला निर्णय कुणीही निवडून न दिलेल्या माणसाने घेतला, हे विसरू नये.

पुढे ढकलणं नेहमीच वाईट का?

नाही. अंटार्क्टिकावर सात देशांचा हक्क सांगून झाला होता. ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे दावे तर एकमेकांवर चढलेले होते. १ डिसेंबर १९५९ ला १२ देशांनी करार केला आणि त्याच्या चौथ्या कलमात हा सगळा वाद गोठवून टाकला: कुणाचा दावा मान्य नाही, अमान्यही नाही, आणि करार असेतोवर नवा दावा करता येणार नाही. मालकीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. सहा दशकांहून अधिक काळ तिथे लष्करी तळ नाहीत, अणुचाचण्या नाहीत, संशोधन चालू आहे.

हे टाळणं आणि पिट्सबर्गचं टाळणं यात फरक कुठे आहे? अंटार्क्टिकात जो प्रश्न बाजूला ठेवला तो थांबू शकणारा होता. बर्फावरची मालकी दहा वर्षं उशिरा ठरली म्हणून कुणाचं घर बुडत नाही. शिवाय दरम्यान कुणी काय करायचं नाही हे स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यामुळे वाट पाहण्याचा फायदा कुणा एकालाच मिळत नव्हता. उत्सर्जन, कर्ज, निर्वासित यांचं तसं नसतं. तिथे उशीर म्हणजे रोजच्या रोज कुणाच्या तरी बाजूने चाललेली कारवाई असते.

आणि काही वेळा रचना बदलून अडथळा पार करता येतो. ओझोनच्या थरासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल कराराने रसायनांच्या कपातीचं वेळापत्रक दोन-तृतीयांश बहुमताने कडक करता येईल अशी तरतूद ठेवली. मतदान होऊ शकतं एवढं माहीत असलं तरी अडवणाऱ्याची भाषा मवाळ होते. १९९० मध्ये गरीब देशांना बदलाचा खर्च देणारा निधीही उभा राहिला. भूसुरुंगांच्या बाबतीत कॅनडाने वेगळीच वाट धरली: सर्वसंमतीच्या सभागृहातून बाहेर पडून, तयार असलेल्या देशांना घेऊन, वर्षभरात करार. डिसेंबर १९९७ मध्ये ओटावात १२२ देशांनी सह्या केल्या. अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान बाहेर राहिले, आणि २०२५ मध्ये रशियाच्या भीतीने बाल्टिक देश, पोलंड आणि फिनलंड यांनीही बाहेरची वाट धरली. तरीही दरम्यानच्या काळात सुरुंगांचे साठे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले.

पुढच्या परिषदेचं निवेदन हाती आलं तर विशेषणं सोडून द्या, ती फुकट असतात. वाक्याचा कर्ता शोधा. 'आम्ही करू' आणि 'सर्व संबंधितांना आवाहन करतो' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मग तारीख शोधा, आणि ती तारीख आज सही करणाऱ्यांच्या कारकिर्दीत येते की त्यांच्यानंतर, ते पाहा. पैशाचा आकडा असेल तर कुणी, कुणाला, अनुदान म्हणून की कर्ज म्हणून, हे लिहिलेलं आहे का? २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांच्या मदतीसाठी वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं लक्ष्य ठरलं, तेही २०३५ पर्यंत गाठायचं, आणि त्यात सरकारी पैसा किती व खासगी किती हे मोकळंच ठेवलं. हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधीने हरकत घेतली. ती इतिवृत्तात गेली, निर्णय तसाच राहिला.

सध्या हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं असेल तर प्लास्टिक कराराच्या वाटाघाटी आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये नैरोबीत ठरलं, की २०२४ संपेपर्यंत करार तयार करायचा. शंभराहून अधिक देशांना प्लास्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा हवी आहे. तेल उत्पादक देशांना फक्त कचऱ्याबद्दल बोलायचं आहे. अडल्यास मतदान घ्यायचं का, हा वाद सुरुवातीलाच निघाला आणि बाजूला ठेवला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये बुसानची फेरी सर्वमान्य मजकुराविना संपली, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाची. दोन्ही वेळा मसुद्यातले कंस शेकड्यांनी शिल्लक होते आणि दोन्ही वेळा वाटाघाटी पुढे चालू ठेवण्यावर एकमत झालं.